उतारवयाची बेगमी

मृग लागण्यापूर्वी आपण शेतकरी माणसे किती कामे उरकून घेतो! लाकूडफाटा आत भरतो, कौले परतवतो, गोवऱ्या कोरड्या जागी रचतो, गुरांसाठी पिंजर झाकून ठेवतो, बियाणे वेगळे काढतो. पाऊस येणार हे ठाऊक असते, म्हणून त्याची बेगमी आधी होते. म्हातारपणही पावसाइतकेच ठरलेले आहे. पण त्याची बेगमी केलेले घर शोधू गेले तर गावात दोन-चारच सापडतील.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियन घेऊन आम्ही आजारी आणि वृद्ध मंडळींच्या घरी जातो. एका घरी एक आजी तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. अर्धांगाने डावी बाजू गेली आहे. तरी अंथरूण कोरडे, केस विंचरलेले आणि पाठीला एक ओरखडा नाही. त्याच वाडीत दुसऱ्या घरी एक आजोबा मागच्या पडवीत खाटेवर असतात. त्यांच्या माकडहाडावर मूठभर जखम झाली होती. मुलगे वाईट नाहीत. सून तर दिवसभर राबते. पण पडून राहिलेल्या माणसाला कुशीवर वळवायचे असते हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. निघताना सून आमच्या मागोमाग अंगणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "फादर, ह्यांना वृद्धाश्रमात ठेवले तर पाप लागेल का हो?"

त्या माउलीला उभ्या-उभ्या उत्तर देणे आम्हांला योग्य वाटले नाही. हा प्रश्न अनेक घरांत मनातल्या मनात विचारला जात असणार, म्हणून या पानावर तो सविस्तर मांडत आहोत.

काळ बदलला तो असा

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक भरली. ही देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवे काम आले. पूर्वी अर्धांगाचा झटका आलेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला माणूस बहुधा फार दिवस काढत नसे. आता तो पाच वर्षे, दहा वर्षे जगतो, आणि एवढी वर्षे त्याला कोणाच्या तरी हातांची गरज लागते.

तिकडे घरातले हात कमी झाले. एक मुलगा गोव्यात, एक पुण्यात, एक आखातात, मुली सासरी. घरी राहतो तो एक मुलगा आणि त्याची बायको. रोपलावणीच्या दिवसांत दोघेही सकाळपासून चिखलात असतात. खाटेवरच्या माणसाने पाणी मागितले तर देणार कोण? तेव्हा 'पूर्वी नाही का सांभाळत होते?' असे म्हणून सुनेला दोष देणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

आश्रम म्हटले की लाज का वाटावी?

वृद्धाश्रम म्हणजे टाकून दिलेल्या माणसांचा कोंडवाडा, अशी समजूत आपल्याकडे आहे. काही ठिकाणी ती खरीही असेल. परंतु या कामाचा उगम पाहावा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कांकाल नावाच्या बंदरगावी १७९२ साली जान ज्युगां ही मच्छीमाराची मुलगी जन्मली. बाप समुद्रात गेला तो परत आला नाही. ती लहानपणापासून मोलमजुरी करीत वाढली. १८३९ च्या हिवाळ्यात सेंट सर्व्हान गावी तिने एका आंधळ्या, लुळ्या पडलेल्या विधवेला आपल्या खोलीत आणले, स्वतःचे अंथरूण तिला दिले आणि आपण माळ्यावर निजू लागली. मग दुसरी म्हातारी आली, तिसरी आली. त्यांच्या पोटासाठी ही बाई हातात टोपली घेऊन दारोदार भिक्षा मागत असे. त्यातून गरिबांच्या धाकट्या भगिनींचा संघ उभा राहिला. जान १८७९ साली वारली. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद दिले. तिच्या भगिनी १८८२ साली कोलकात्यास आल्या. बंगळूर, सिकंदराबाद वगैरे शहरांतही त्यांची घरे आहेत. तेथे साठीवरच्या गरीब माणसांना धर्म न विचारता घेतात.

गोव्यात 'प्रोवेदोरिया' ही पोर्तुगीज काळापासून चालत आलेली सरकारी संस्था ठिकठिकाणी वृद्धांची घरे चालवते. त्याखेरीज धर्मभगिनींची, न्यासांची, आणि पैसे भरून राहण्याची खाजगी घरेही आता पुष्कळ झाली आहेत. २००७ च्या कायद्याने तर निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे माणसांची सोय असलेले घर असावे, अशी दिशा राज्य सरकारांना दाखवली आहे.

म्हणजे आश्रम ही मुळात टाकण्याची जागा नव्हे. ज्याला कोणी नाही, किंवा ज्याची गरज घराच्या आवाक्याबाहेर गेली आहे, त्याच्यासाठी ती सोय आहे. ती आपल्या माणसाला लागेल की नाही, हे लाजेने किंवा संतापाने ठरवू नये, मोजून ठरवावे.

मोजायचे कसे?

सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली एक साधी पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरतात. रोजची सहा कामे घ्यावीत : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाऊन येणे, खाटेवरून उठून खुर्चीवर बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे, आणि हाताने जेवणे. यांतली किती कामे म्हातारे माणूस स्वतः करते आणि किती कामांना दुसरे माणूस लागते, हे एका कागदावर लिहावे.

एका-दोन कामांना मदत लागत असेल तर घर सहसा निभावून नेते. चार-पाच कामांना लागू लागली, रात्रीही उठावे लागू लागले, की एका माणसाच्याने ते होत नाही. मग ते माणूस कितीही मायेचे असो. माया असली तरी पाठ दुखायची राहत नाही आणि रात्रीची झोपही भरून येत नाही.

कागद भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. 'वय झाले' म्हणून सोडून दिलेल्या कित्येक तक्रारी बऱ्या होण्याजोग्या असतात. मोतीबिंदू काढला की पडणे कमी होते. कानातला मळ काढला की 'बाबा काही ऐकतच नाहीत' ही तक्रार कधीकधी मिटते. दुखऱ्या दातामुळे जेवण तुटलेले असते. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्यांवरची औषधे एकदमच चालू असतात आणि झोपेच्या गोळीने माणूस झोकांड्या खात असतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात. आपल्या मनाने गोळ्या बंद मात्र करू नयेत.

घरी सांभाळायचे तर

घरी सांभाळणे हे पुण्याचे काम खरे, पण ते शिकून घेण्याचेही काम आहे. मळ्याला पाणी देणे जसे शिकावे लागते तसेच.

पाठीच्या जखमा. माणूस एकाच बाजूवर तासन् तास पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिला रक्त पोचत नाही आणि ती आतून कुजू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे, खांदे या जागा रोज उजेडात पाहाव्यात. बोटाने दाबल्यावर न जाणारा लालपणा, किंवा सावळ्या कातडीवर काळपट, गरम, टणक डाग दिसला की ती पहिली सूचना. तेथे चोळू नये, तेल रगडू नये. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, मध्ये उशी लावावी, टाचा गादीवरून अधांतरी राहतील असे पोटरीखाली मऊ कापड ठेवावे. भोक असलेल्या गोल गादीवर बसवू नये, तिने कडेचे रक्त अडते. हवेची गादी मिळाल्यास उत्तम, पण ती असली तरी वळवणे चुकत नाही. अंथरूण ओले राहू देऊ नये. ताटात अंडे, डाळ, मासळी, दूध यांपैकी काहीतरी रोज असावे, नाहीतर जखम भरणार कशाने?

पडणे. म्हातारी माणसे बहुधा रात्री, लघवीला जाताना, न्हाणीघरात पडतात. न्हाणीत शेवाळ ठेवू नये, भिंतीला धरायला दांडा बसवावा, वाटेत रात्रभर दिवा ठेवावा, उंबऱ्यावर पांढरा पट्टा रंगवावा. पडल्यावर पाय टेकवेना, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडला असे समजून थेट इस्पितळात न्यावे. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन झाडपाल्याची पट्टी बांधण्यात दिवस घालवू नयेत. शक्य तो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुन्हा उभा राहण्याची आशा असते. नाहीतर तो अंथरुणाला मिळतो.

जेवण. पडल्या-पडल्या भरवू नये. बसवून, हनुवटी किंचित खाली करून, लहान चमच्याने, एक घास गिळल्यावर दुसरा असे भरवावे. जेवण झाल्यावर अर्धा तास बसूनच राहू द्यावे. अर्धांगानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना विचारल्यावाचून पातळ पदार्थ देऊ नयेत.

विसर आणि भ्रम. जेवूनही 'मला कोणी जेवायला दिले नाही' म्हणणे, स्वतःच्या मुलाला न ओळखणे, रात्री उठून शेताकडे चालू लागणे, हा बहुतेक वेळा मेंदूचा आजार असतो. आलॉइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्याचे वर्णन केले तो त्यांतलाच एक. ती करणी नाही की भूतबाधा नाही. ते माणूस मुद्दाम छळतही नाही. वाद घालू नये, रागे भरू नये, दाराला वरून कडी लावावी, खिशात घराचा पत्ता ठेवावा. मात्र कालपर्यंत शुद्धीत असलेले माणूस आज एकाएकी बरळू लागले तर ती गोष्ट वेगळी. लघवीतील जंतू, न्यूमोनिया, रक्तातील मीठ कमी होणे किंवा नवीन गोळी हे त्याचे कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि सांभाळणाराही सांभाळावा. सूनबाईला आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा मिळालाच पाहिजे. भावंडांनी वाटणी करताना शेताचे तुकडे जसे मोजून घेतले तसेच हेही काम मोजून घ्यावे. जो घरी आहे त्याने हात द्यावेत, जो परदेशी आहे त्याने पैसे पाठवावेत, आणि ज्या लेकी जवळ आहेत त्यांनी लावणी-सुगीच्या दिवसांत आठ-आठ दिवस येऊन राहावे. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला येऊन 'बाबा किती वाळले!' म्हणणाऱ्याने आधी आपला वाटा काय याचा हिशेब मांडावा.

जमिनीची गोष्ट

आता नाजूक विषयाकडे वळू. पडवीतल्या त्या आजोबांनी दहा वर्षांपूर्वी सगळी जमीन मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली होती. कागदात सांभाळाविषयी एक ओळही नाही. आज त्यांच्या औषधाला पैसे मागताना त्यांची मान खाली जाते.

वाचकांनी हा भेद नीट ध्यानात घ्यावा. बक्षीसपत्र नोंदवले की जमीन आजच गेली. मृत्युपत्र केले तर ती तुमच्या पश्चात जाते, आणि जिवंत असेपर्यंत ते बदलता येते. आम्हा ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. त्याप्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला वा बायकोला, साक्षीदार करू नये. तसे केल्यास मृत्युपत्र राहते, पण त्याला दिलेले रद्द होते. ही चूक गावात सर्रास होते. गोव्यातील वाचकांचा वारसा कायदा वेगळा आहे. तेथे मालमत्तेचा अर्धा हिस्सा साधारणपणे वारसांसाठी राखीव असतो. त्यांनी तेथील नोटरीचा सल्ला घ्यावा.

हयातीतच जमीन द्यायची असेल तर कागदात स्पष्ट लिहावे की, घेणाऱ्याने आमच्या अन्नवस्त्राची, औषधपाण्याची आणि राहण्याची सोय आमच्या अंतापर्यंत करावी, या अटीवर देत आहोत. असे का, ते सांगतो. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, कायदा लागू झाल्यानंतर या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, रद्द ठरवून घेता येते. अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा असे सांगून एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द करण्याचा निर्णय कायम केला. तरीही कोर्टाच्या उदारपणावर विसंबू नये, ओळ लिहून घ्यावी.

याच कायद्याखाली साठीवरच्या ज्या आईबापांना स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करता येत नाही, ते मुलांकडून पोटगी मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे. मूल नसलेल्यांना, ज्यांना त्यांची मालमत्ता मिळणार किंवा मिळाली आहे, अशा नातेवाइकांकडून मागता येते. सांभाळण्याची जबाबदारी असताना वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सल्ल्यासाठी १४५६७ हा 'एल्डरलाइन'चा फुकट फोन आहे.

कोणाच्या घरात भांडण लावण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. कागद स्पष्ट असला की भांडणे कमी होतात, हा आमचा अनुभव आहे.

आश्रम निवडायचा तर

मोजून पाहिल्यावर घर अपुरे पडते असे दिसले, तर आश्रम शोधण्यात कमीपणा नाही. परंतु बैल विकत घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, आणि आईबापांना ठेवण्याची जागा फोनवर ठरवतो, असे होऊ नये. स्वतः जाऊन पाहावे, आणि दोनदा पाहावे. एकदा कळवून, एकदा न कळवता जेवणाच्या वेळी.

पहिला प्रश्न हा : अंथरुणाला खिळलेले माणूस ठेवता काय? अनेक आश्रमांचा नियम असा की चालते-फिरते माणूसच घ्यायचे, आणि ते पडून राहिले की घरच्यांनी न्यायचे. हे आधी माहीत नसले तर ऐन वेळी धावपळ होते. दुसरा : रात्री किती माणसे जागी असतात, आणि त्यांत शिकलेली नर्स आहे काय? तिसरा : आजारी पडल्यास कोणत्या इस्पितळात नेता, आणि तो खर्च कोणाचा? चौथा : अनामत किती, माणूस सोडून गेल्यास किंवा वारल्यास ती परत मिळते काय, आणि प्रत्येक पैशाची पावती देता काय? पाचवा : भेटायला कधीही यावे की ठरलेल्याच वेळी?

मग आपले डोळे आणि नाक वापरावे. शिरताच लघवीचा दर्प येतो काय? खाटेशेजारी पाण्याचा तांब्या हाताला येईल असा आहे काय? माणसे दिवसा उन्हात, ओसरीवर बसलेली आहेत की सगळी खाटेवरच? कोणाला बांधून ठेवले आहे काय? तेथल्या दोन-तीन आजी-आजोबांशी एकांतात आपल्या भाषेत बोलावे. भाषेचा मुद्दा लहान समजू नये. जन्मभर मराठी-कोंकणी बोललेल्या माणसाला जेथे कोणीच ती बोलत नाही तेथे ठेवणे म्हणजे त्याला मुके करणे होय.

सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड २०२४ पासून काढता येते. त्यावर कुटुंबातील सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातील उपचार मिळतात. आश्रमाचा महिन्याचा खर्च मात्र त्यातून मिळत नाही. तो कोण देणार हे भावंडांनी लेखी ठरवावे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ज्याला जायचे आहे त्याला विचारावे. 'दवाखान्यात जाऊन येऊ' असे सांगून गाडीत बसवणे आणि आश्रमात सोडून येणे, ही फसवणूक आहे. म्हातारे माणूस ती विसरत नाही. आधी आठ दिवस राहून पाहता येईल काय, हेही काही ठिकाणी विचारता येते. जाताना त्याची उशी, जपमाळ, घरच्यांचा फोटो, चष्मा, कानाचे यंत्र, आणि औषधांची यादी बरोबर द्यावी. शेवटी माती कोठे द्यायची, गावच्या चर्चच्या सिमित्रीत आणायचे काय, हेही तोंडाने विचारून घ्यावे. अभद्र वाटते खरे, पण बहुतेक वृद्धांना हे कोणीतरी विचारावे असे वाटत असते.

आता त्या सुनेचे उत्तर

आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा खाट कोठे असावी हे सांगत नाही. घरातल्या पडवीत माणूस कुजत पडला असेल तर तो घरी आहे म्हणून आज्ञा पाळली गेली असे होत नाही. आणि आश्रमात स्वच्छ अंथरुणावर असलेल्या बापाला दर पंधरा दिवसांनी मुलगा भेटत असेल, त्याची नखे कापीत असेल, यंदा भात कसे आले हे त्याला सांगत असेल, तर ती मोडली असेही होत नाही. पाप आहे ते विसरण्यात, फसवण्यात आणि सगळा भार एका बाईवर टाकून मोकळे होण्यात.

म्हणून आम्ही त्या घरी पुन्हा गेलो आणि सुनेला नव्हे, तिच्या नवऱ्याला आणि दिरांना बसवून बोललो. कागदावर सहा कामे लिहिली. पाच कामांना आजोबांना माणूस लागत होते. सरकारी दवाखान्यातील नर्सने जखम धुण्याची आणि कूस बदलण्याची रीत दाखवली. धाकट्याने महिन्याला पैसे पाठवायचे, लेकीने लावणीचे पंधरा दिवस यायचे, असे ठरले. जखम भरत आली आहे. पुढे आश्रम लागेलही. तो लागला तर आजोबांना सांगून, दाखवून आणि त्यांच्या होकाराने लागेल. ते स्वतः एवढेच म्हणाले, "कुठेही ठेवा, पण भात कापले की कोणीतरी येऊन सांगा."

सुगी आटोपली, मुले नाताळाला घरी आली, की प्रत्येक घराने एक संध्याकाळ यासाठी काढावी. आईबाप बोलते-चालते असतानाच विचारावे : तुम्हांला कोठे राहायला आवडेल, कोण करील, पैसा कोठून येईल, जमिनीचा कागद कसा करायचा? जमले तर एका वहीत लिहून सगळ्यांनी खाली सह्या कराव्यात. ज्यांना कायद्याचा कागद समजत नाही त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे यावे. आम्ही वाचून दाखवू.